कधीच न भरणारी टाकी: गावच्या घराला नवी सेप्टिक टँक बांधताना

‘आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ हे कोकणात लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. आमच्या घरीही सांगायचे. गेल्या वर्षभरात ती टाकी बंद करून आम्ही नवी बांधली. त्या काळात ग्रामपंचायत, प्रयोगशाळा, इंजिनिअर आणि गवंडी यांच्यामध्ये फिरताना जे कळलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. गावच्या घराचं हे काम काढायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, मलाही कळत नव्हतं. खर्चाचे आकडे आमच्या गावचे आणि २०२५च्या सुरुवातीचे आहेत, तुमच्याकडे वेगळे निघतील.

घर कुडाळ तालुक्यात आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर कौलं, मागे परसू आणि त्यापलीकडे उतरत व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) गेलेली माडाची जागा. कायमची माणसं चार, पण गणपतीत वीसच्या घरात. विहीर घराच्या उत्तरेला आणि जुनी टाकी विहिरीपासून जेमतेम नऊ मीटरवर. टाकी बांधली तेव्हा पाइप जितका कमी लागेल तितकं बरं, एवढाच हिशेब असावा.

२०२४चे गणपती ७ सप्टेंबरला बसले. पाचव्या दिवसापर्यंत घरातल्या तीन मुलांची पोटं बिघडली. ‘मोदक जास्ती खाल्ले, दुसरा काय!’ असा सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. मला मात्र विहिरीचं पाणी तपासून घ्यावंसं वाटलं.

पाण्याची जीवाणू तपासणी आपल्या घरच्या बाटलीत होत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली बाटली आणावी लागते. ती विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, भरताना वर थोडी जागा सोडायची आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर बाटली घेतानाच सांगा. क्लोरीन निष्प्रभ करणारं औषध घातलेली वेगळी बाटली देतात. तसं केलं नाही तर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल उगाच चांगला येतो.

अहवाल आठवडाभराने आला: पिण्यास अयोग्य. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही असता कामा नये, आमच्यात होते. हे जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहतात, म्हणजे विष्ठेचा अंश विहिरीत पोचत होता. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमचं मर्यादेच्या आत होतं, पण फार आत नव्हतं. त्या दिवसापासून पिण्याचं पाणी उकळून घ्यायला लागलो.

ओळखीतून एक निवृत्त इंजिनिअर मिळाले, पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलेले. त्यांनी जुन्या टाकीचं झाकण काढायला लावलं आणि बांबू आत सोडला. बांबू खाली टेकला तेव्हा तो काँक्रीटवर आपटल्याचा आवाज आला नाही. तळच नव्हता. चार भिंती, वर स्लॅब आणि खाली उघडा जांभा. बाहेर जाणारा पाइपही नव्हता. टाकी का भरत नव्हती ते कळलं. रोज जेवढं आत जात होतं तेवढं खालून झिरपून जात होतं, आणि सच्छिद्र, भेगाळलेल्या जांभ्यातून त्याला विहिरीची वाट मोकळी होती.

मग त्यांनी पडवीत बसून टाकीत नेमकं काय व्हायला हवं ते समजावलं. मला तोवर वाटायचं की टाकी घाण ‘साफ’ करते. तसं नाही. टाकीचं पहिलं काम म्हणजे पाण्याला थांबवणं. घरातून जोरात आलेलं पाणी टाकीत एक-दोन दिवस तरी निवांत राहिलं पाहिजे. जड मैला तळाशी बसतो, तेल-चरबी हलकी म्हणून वर सायीसारखी जमते आणि मधे गढूळ पाण्याचा थर राहतो. बाहेर पडायचं ते फक्त या मधल्या थरातून. म्हणूनच आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना आतल्या बाजूला ‘टी’ (इंग्रजी T अक्षरासारखा जोड) बसवतात. त्याचं एक तोंड पाण्यात बुडलेलं असतं, त्यामुळे वरची साय बाहेरच्या पाइपात शिरत नाही.

तळाच्या गाळात हवा नसते आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे कामाला लागतात. पहिली टोळी प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कागदाचा तंतू यांचे मोठे रेणू फोडून विरघळवते. दुसरी त्यांची आम्लं बनवते, त्यात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं, बरंच असतं. शेवटची टोळी त्या आम्लांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड करते. हे शेवटचे जीव खरं तर जीवाणूही नव्हेत, आर्किया नावाचा त्यांचा वेगळाच गट आहे. ते हळू वाढतात आणि आम्लता वाढली की रुसतात. गोबरगॅसमध्ये काम करतात तेच हे. आपल्याकडची उष्ण हवा त्यांना मानवते, थंड प्रदेशात हेच काम रेंगाळतं. गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचा.

एवढं सगळं होऊनही टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. सेंद्रिय घाण साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होते, तरंगणारे कण निम्म्याहून जास्त खाली बसतात, पण रोगजंतू भरपूर शिल्लक राहतात. जंतांची अंडी बरीचशी गाळात उतरतात आणि तिथे जिवंतच असतात. उरलेलं काम मातीचं. मातीत हवा खेळती असते, तिथे हवेवर जगणारे जीवाणू राहिलेली घाण खातात आणि जंतू मातीच्या कणांत अडकून मरतात. इंजिनिअरकाका म्हणाले, ‘टाकी किती मोठी, ते मला नंतर विचारा. आधी सांगा, टाकीतलं पाणी पुढे कुठे सोडणार?’

सेप्टिक टँकसाठी आयएस २४७० नावाचं भारतीय मानक आहे, दोन भागांत. पहिला टाकीबद्दल आणि दुसरा तिच्यातून निघणाऱ्या पाण्याबद्दल. पाणी जमिनीत मुरवायची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर हवी, असं ते सांगतं. आमच्याकडे हे अंतर फक्त माडाच्या बाजूलाच मिळत होतं, आणि सुदैवाने उतारही विहिरीच्या उलट दिशेला होता.

अंतर जुळलं म्हणून जागा पक्की होत नाही, माती पाणी किती वेगाने पिते ते बघावं लागतं. ही चाचणी घरी होते. फूटभर रुंदीचा खड्डा मुरवणीच्या खोलीपर्यंत घ्यायचा, तळाला दोन इंच बारीक खडी, वर फूटभर पाणी. रात्रभर माती भिजू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टी लावून पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा (पाणी मुरवायचा खोल खड्डा) किंवा चर (खडी घातलेला लांब, उथळ खंदक) चालतो, तीस ते साठ असेल तर चरच, आणि तासापेक्षा जास्त लागत असेल तर जमिनीचा नाद सोडून गाळणीची टाकी बांधावी लागते. गोठ्यामागे खाली कातळ निघाला, तिथलं पाणी सकाळपर्यंत जसंच्या तसं. व्हाळाजवळच्या जांभ्याच्या भेगेवर ते बघता बघता गायब झालं. मला आनंद झाला आणि काकांचा चेहरा पडला. इतक्या लवकर गेलेलं पाणी मातीतून गाळून जात नाही, भेगेतून पळतं. शेवटी माडांच्या खालच्या तांबड्या मातीत बाराएक मिनिटांचा आकडा आला आणि जागा ठरली.

खोल शोषखड्डा मात्र काकांनी नको म्हटलं. आमच्या विहिरीत मे महिन्यात पाणी सात-आठ मीटर खाली असतं, ऑगस्टमध्ये हात घालून कळशी भरता येईल इतकं वर येतं. खोल खड्ड्याचा तळ पावसाळ्यात भूजलात बुडणार, आणि मग गाळायला माती उरणार कुठे? म्हणून जमिनीलगत, पाऊण मीटर खोल, असे दोन लांब चर ठरले.

आता कागद. ग्रामपंचायतीत अर्ज दिला १० ऑक्टोबर २०२४ला. सोबत नमुना ८चा उतारा (ग्रामपंचायतीच्या दप्तरातली घराची नोंद), चालू घरपट्टीची पावती, इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि खालच्या बाजूच्या शेजाऱ्याचं संमतिपत्र, कारण आमचे चर त्यांच्या विहिरीपासून एकवीस मीटरवर येत होते. नकाशात दोन्ही विहिरींची अंतरं आकड्यात लिहिली होती, त्यामुळे पुढे प्रश्न आले नाहीत. तुम्हीही लिहा. पाच दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली आणि कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपले गेले. २० नोव्हेंबरला मतदान झालं, अर्ज डिसेंबरच्या मासिक सभेत आला आणि ठरावाची नक्कल हातात पडायला जानेवारी उजाडला. चिडून काही उपयोग नव्हता, अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक होता तो दाखवत राहिले. शौचालयासाठीचं बारा हजारांचं सरकारी अनुदान मिळेल का, तेही विचारलं. ज्यांच्याकडे शौचालय नाही अशा पात्र कुटुंबांसाठी ते असतं, आम्ही त्यात बसत नव्हतो.

काम सुरू झालं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पाणंदीतून जेसीबी येत नाही, म्हणून खोदाई हातानेच. टाकीचं आतलं माप लांबी दोन मीटर, रुंदी नव्वद सेंटिमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर आणि वर तीस सेंटिमीटर मोकळी जागा. साधारण अडीच हजार लिटर. मानकाच्या तक्त्यात दहा माणसांसाठी, दोन वर्षांनी उपसा धरून, हेच माप आहे. टाकीत फक्त संडासाचं पाणी घ्यायचं ठरवल्यामुळे गणपतीतली वीस माणसंही त्यात भागतात. मोरीचं आणि भांड्यांचं पाणी पूर्वीसारखंच केळींना. ते टाकीत सोडलं असतं तर मैल्याला बसायला वेळच मिळाला नसता. तयार प्लॅस्टिकच्या टाकीचाही विचार केला होता. पण भूजल वर आलं की हलकी टाकी जमिनीतून उचलली जाते, तिला नीट जखडून ठेवावं लागतं, म्हणून ती बाद.

गवंडी आमच्या वाडीतलाच, हात चांगला. पण तळाच्या काँक्रीटवरून त्याची आणि माझी बरीच जुंपली. ‘वैनी, टाकीक तळ कित्याक? पाणी मुरान गेला तर टाकी भरूचीच नाय.’ त्याने आजवर बांधलेल्या टाक्या तशाच होत्या आणि कुणी तक्रार केली नव्हती. मी त्याला विहिरीचा अहवाल दाखवला. तो वाचून त्याने स्वतःच्या घरच्या विहिरीचं अंतर मनात मोजलं असावं, कारण त्यानंतर तळाची सळई त्याने न सांगता दुहेरी बांधली.

भिंती चिऱ्याच्या, पण चिरा पाणी पितो, म्हणून आतून सिमेंटचा घोटीव गिलावा. दोन हजार लिटरपेक्षा मोठ्या टाकीत मधे भिंत हवी. ती दोन तृतीयांश लांबीवर घेतली, मोठा कप्पा आधी, लहान नंतर. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली. स्लॅबला दोन झाकणं, प्रत्येक कप्प्यावर एक. वायू जायला उभा पाइप कौलांच्याही दोन मीटर वर नेला आणि टोकाला डासांची जाळी. जाळी क्षुल्लक वाटते, पण तिच्याशिवाय टाकी म्हणजे डासांचं माहेरघर.

मार्चच्या मध्यावर शिमगा आला आणि काम बंद. पालखी घरोघरी फिरत असताना गवंडी शोधायला जाऊ नये, गेलात तर तुम्हालाच गाऱ्हाण्याला उभं करतील. तोवर गिलाव्यावर पाणी मारत राहिलो.

मग टाकी पाण्याने काठोकाठ भरली आणि भिंतीवर खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेपासून किंचित खाली होतं, गिलाव्याने पिण्याइतकंच. पुन्हा भरलं तेव्हा रेघ हलली नाही. नव्या टाकीत संडास सोडण्याआधी ती अशी पाण्याने भरलेलीच हवी, रिकाम्या टाकीत थर लागत नाहीत. सासूबाई म्हणत होत्या की शेणकाला घाला. मला ते जुन्या माणसांचं खूळ वाटलं होतं. पण मानकातही लिहिलंय की दुसऱ्या टाकीतला मुरलेला गाळ मिळाला तर थोडा घालावा, नाहीतर कुजलेलं शेण चालेल. दोन बादल्या शेणकाला गेला. दुकानात मिळणारी जीवाणूंची पावडर घेतली नाही. मैल्यातच अब्जावधी जीवाणू रोज येतात, त्यांना फक्त काही आठवडे लागतात.

१ एप्रिलला नवी टाकी सुरू झाली. पहिले पंधरा-वीस दिवस वास होता, मग तो कमी झाला.

जुन्या टाकीचं काय करायचं हा वेगळाच विषय. एकाने दोन मुलं आत उतरवून घमेल्याने काढून देतो म्हणून सांगितलं. त्याला तिथूनच परत पाठवलं. टाकीत माणूस उतरवून मैला काढून घ्यायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली, म्हणजे माणसं अजून मरताहेत. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि आतल्याला वाटतं हवा ठीक आहे. उपसणारी टँकरची गाडी मागवली, पाच हजार रुपये. मैला कुठे ओतणार विचारलं तर उत्तर गुळमुळीत मिळालं. वाईसारख्या गावात दर तीन वर्षांनी पाळीने टाक्या उपसून मैला प्रक्रिया केंद्रात नेतात, तशी सोय आमच्या जवळपास नाही. शेवटी आमच्याच काजूच्या बागेत, विहिरी आणि व्हाळापासून लांब, चर खणून त्यात सोडायला लावला, वर चुना आणि माती. रिकामी टाकी दगड-मातीने बुजवली.

हिशेब असा: खोदाई १४,०००, सामान ३८,०००, गवंडी आणि मजुरी २४,०००, पाइप ९,०००, चर आणि त्यातली धुतलेली खडी १६,५००, गाडी ५,०००, इंजिनिअर ४,०००. एकूण १,१०,५००. सुरुवातीचा अंदाज ऐंशी हजारांचा होता. हाताने खोदाई आणि चर यांनी तो वाढवला.

पावसाने मात्र मुदत दिली नाही. २०२५ला मोसमी पाऊस २५ मे रोजीच सिंधुदुर्गात उतरला, आणि त्याआधीचे चार-पाच दिवसही कोसळतच होता. चरांवर टाकलेली माती अजून बसली नव्हती. मी छत्री घेऊन माडात उभी राहून बघत होते. वरच्या अंगाने येणारा लोंढा चरांवरून वाहू लागला, तेव्हा भर पावसात आडवा पाट खणून तो वळवावा लागला. चर खणतानाच वरच्या बाजूला हा पाट काढून घ्या.

जूनमध्ये पाणी तपासलं, ई. कोलाय अजून होतेच. जुन्या टाकीखालची माती लगेच निवळत नाही, हे काकांनी आधीच सांगितलं होतं, तरी वाईट वाटलं. ऑगस्टमध्ये गणपती २७ तारखेला आले, घर भरलं, टाकीने कुरकुर केली नाही. ऑक्टोबरच्या अहवालात ई. कोलाय आढळले नाहीत, नायट्रेटही उतरलं होतं. पाणी आम्ही अजून उकळतोच. वरच्या अंगाला शेजाऱ्यांची टाकी आहे आणि तीही ‘कधी भरत नाही’.

देखभालीचं फार काही नसतं. संडास धुवायचं ॲसिड जेमतेम वापरायचं, सॅनिटरी पॅड आणि कापडाचे बोळे आत जाऊ द्यायचे नाहीत, टाकीजवळ काडी पेटवायची नाही. गाळ माणशी वर्षाला तीस-चाळीस लिटर साठतो. तो मोजायला लांब बांबूला खालच्या बाजूने पांढरा पंचा गुंडाळतात आणि पहिल्या कप्प्यात टीपासून जरा लांब, तळापर्यंत हळूच उतरवतात. थोडं थांबून सरळ वर काढला की पंचावर रेघ दिसते: खालचा भाग काळाकुट्ट, रवाळ, आणि त्यावरचा नुसता मळकट. या जानेवारीत आमचा काळा भाग वीतभरही भरला नाही. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला टेकला की गाडी बोलवायची, या हिशेबाने २०२८ तरी उजाडेल. उपसताना तळाशी थोडा गाळ ठेवायचा, पुढच्या कामाला तेच बी.

शेजारच्या काकांनी आपल्या टाकीचं झाकण अजून उघडलेलं नाही, पण परवा तपासणीची बाटली कुठे मिळते ते विचारून गेले. त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते: नमुना सोमवार ते बुधवारच्या आत न्या. जंतू वाढवून बघायला एक-दोन दिवस लागतात, आणि शुक्रवारी नेलेली बाटली आमच्या इथे परत पाठवतात.